घड्याळ, मैदान आणि दम : वस्तीत मुलींची कबड्डी उभी करताना

वस्तीत मुलींचा संघ काढायचा म्हटलं की पहिली ऑर्डर जाते टी-शर्टची. पाठीवर नंबर, छातीवर देणगीदाराचं नाव. उद्घाटनाला चाळीस मुली येतात, नारळ फुटतो, फोटो निघतात. दिवाळीनंतर सुरू झालेला संघ संक्रांतीपर्यंत आठ मुलींवर येतो आणि मग आपणच म्हणतो, "मुलींना खेळात रसच नाही हो." असे दोन संघ मी स्वतः बुडवले आहेत. रस भरपूर होता. वेळ नव्हता आणि जागा नव्हती. दोन्ही त्यांच्या भावांकडे होतं.

तिसऱ्या वेळी टी-शर्ट सगळ्यात शेवटी आणले. तो संघ टिकला. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगतो.

खेळ कोणता?

मी कबड्डी धरतो. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटरचं, म्हणजे वस्तीतल्या मोकळ्या कोपऱ्यातही बसेल एवढं. साहित्य म्हणजे चुना आणि सुतळी. शिवाय आजीला हा खेळ माहीत असतो, कधीकाळी शेतात ती स्वतः खेळलेली असते. घरी परवानगी मागताना याचा फार उपयोग होतो. मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरात आयसीआरडब्ल्यू (स्त्रियांच्या प्रश्नांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आणि अपनालय या संस्थांनी 'परिवर्तन' हा कार्यक्रम १२ ते १६ वयाच्या मुलींसाठी कबड्डीवरच बेतला होता, वस्तीतल्याच तरुणींना तयार करून.

जागा असेल तर खो-खोही उत्तम. मैदान साधारण २७ बाय १६ मीटर लागतं आणि दोन खांब. अंगाला अंग कमी लागतं, त्यामुळे घरचे लवकर तयार होतात. धाराशिवची सारिका काळे खो-खोतूनच वर आली, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉल हवा असेल तर मुंब्र्यातला 'परचम' हा गट आठवा. तिथल्या मुलींनी खेळता खेळता मुलींसाठी राखीव मैदानाची मागणी लावून धरली होती.

तरी माझं मत कबड्डीला. एक कारण मुलींना खेळताना पाहिल्यावरच कळतं. चढाईला गेलेल्या मुलीला एका दमात, पंचाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात "कबड्डी कबड्डी" म्हणावं लागतं, तेही दुसऱ्यांच्या हद्दीत शिरून. ज्या घरात दिवसभर "हळू बोल" ऐकू येतं, तिथल्या मुलीला हे पहिल्या दिवशी जमत नाही. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. माझ्या गटात आवाज फुटायला काहींना तीन आठवडे लागले.

पहिला महिना : घड्याळ

या महिन्यात चेंडू, शिट्टी, चुना काही नको. वही घ्या आणि वीस-पंचवीस घरांत बसा. मुलीला विचारा, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस? "काय करतेस" असं विचारू नका, त्याचं उत्तर "काही नाही, घरीच" असं येतं. "काल" विचारलं की खरं बाहेर येतं. नळाला पाणी किती वाजता आलं, भांडी कोणी घासली, लहान भावाला कोणी सांभाळलं, क्लास कधी, मदरसा कधी, शाळा सकाळची की दुपारची. त्याच घरातल्या भावालाही तेच विचारा. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि जपून ठेवा, सहा महिन्यांनी ते पुन्हा लागतील.

आमच्या वस्तीत पाणी संध्याकाळी साडेपाचला येई. मी आधीच्या दोन्ही संघांचा सराव साडेपाचला ठेवला होता! सगळ्या मुली हंडे घेऊन रांगेत आणि मी मैदानावर शिट्टी घेऊन. तिसऱ्या वेळी सराव चार ते सव्वापाच केला, आठवड्यातून तीन दिवस. हजेरीचा प्रश्न त्या एका बदलाने अर्धा सुटला.

वर्षाचं घड्याळही पाहा. सुरुवात दिवाळीनंतर करावी. मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये गाव आणि लग्नसराई. ऊसतोड कामगारांच्या तांड्यावर काम करत असाल तर हे सगळं उलटं होतं. दसरा-दिवाळीनंतर घरंच्या घरं कारखान्याकडे निघतात, तेव्हा तिथला हंगाम ती माणसं परतल्यावर धरावा.

मैदान कोणाचं आहे?

कागदावर मैदान महापालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं असतं. प्रत्यक्षात ते चार ते सात क्रिकेटवाल्या पोरांचं, सातनंतर पत्ते खेळणाऱ्यांचं आणि गणपती-नवरात्रात मंडळाचं. हा ताबा कुठे लिहिलेला नसतो, त्यामुळे तो मोडायला अर्ज पुरत नाही. अर्ज तरीही द्या, पोच घ्या. मग मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे जा, मुलींच्या आया बरोबर घेऊन. मागणी नेमकी असू द्या : सोमवार, बुधवार, शनिवार, चार ते सव्वापाच, कडुनिंबाकडचा कोपरा. "मुलींना खेळू द्या" अशी मोघम विनंती केली तर सगळे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे स्टंप रोवलेले असतात.

समाजमंदिराचा बंद हॉल कोणीतरी देऊ करेल. पावसाळ्यापुरता घ्या, कायमचा नको. हॉलमध्ये मुली सुरक्षित असतात हे खरं, पण वस्तीला त्या दिसत नाहीत. चार-पाच महिने रोज त्याच कोपऱ्यात मुली दिसल्या की लोकांच्या डोळ्यांना सवय होते. हे काम भाषणाने होत नाही. सुरुवातीला टोमणे येतील, बघे जमतील. त्यासाठी पहिले दोन आठवडे चार-पाच आयांना मैदानाच्या कडेला बसवा, लसूण सोलायला का होईना.

मुलींनाच घेऊन एकदा मैदानापर्यंत चाला आणि त्यांनाच नकाशा काढायला सांगा. कुठे भीती वाटते, कुठे दिवा नाही, कोणत्या टपरीपाशी पोरं उभी असतात. आमच्या मुलींनी जवळच्या रस्त्याऐवजी दीडपट लांबचा रस्ता निवडला. मला तो कधीच सुचला नसता. शौचालय चालू आहे का, आतून कडी लागते का, हे त्याच दिवशी पाहा. ते नसेल तर वयात आलेल्या मुली येणार नाहीत आणि त्याचं कारण तुम्हाला कधी सांगणारही नाहीत.

ताई

प्रशिक्षक बाहेरून आणू नका. वस्तीतलीच १९ ते २४ वर्षांची तरुणी शोधा, शक्यतो दोघी. एकीचं लग्न ठरलं, परीक्षा आली तर दुसरी असते. खेळ त्यांना उत्तम यायलाच हवा असं नाही. जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या महिला खेळाडूने आठ-दहा शनिवार येऊन चढाई, पकड, पडायचं कसं, हे शिकवलं तर पायाभूत काम होतं. नियम पाठ करता येतात. वस्तीतल्या घराचं दार उघडणं मात्र बाहेरच्याला जमत नाही.

आणि ताईला मानधन द्या. याबाबत मी हट्टी आहे. समानतेचं काम करायचं आणि ते करणाऱ्या मुलीला "समाजसेवा आहे" म्हणून फुकट राबवायचं, हा विनोद आपल्याकडे फार चालतो. अंदाजपत्रकात सगळ्यात मोठा आकडा मानधनाचा असावा, किटचा नव्हे. पैसे घरात आले की ताईच्या घरचेही तिच्या बाहेर जाण्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात, आणि ते धाकट्या मुलींना दिसतं.

घरोघरी काय बोलावं?

आक्षेप ठरलेले आहेत. उन्हात काळी पडेल. हातपाय मोडला तर लग्न कसं व्हायचं? लोक काय म्हणतील? घरकाम कोण करणार? शेवटचा प्रश्न बाप कधी विचारत नाही, आई विचारते, आणि तो सगळ्यात खरा असतो. त्याला उत्तर देता आलं पाहिजे : सव्वापाचला सराव संपेल, पाण्याच्या आधी मुलगी घरी असेल. हा शब्द एकदाही मोडू नका. सामना रंगला म्हणून दहा मिनिटं जास्त थांबवलंत तर दुसऱ्या दिवशी तिघी कमी येतात.

पदकाची, नोकरीची लालूच दाखवू नका. राज्यात खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत, हे खरं. पण ते ठरावीक पातळीवरच्या कामगिरीसाठी असतं आणि तुमच्या गटातल्या बहुतेक मुली तिथवर पोचणार नाहीत. दोन वर्षांनी घरचे विचारतील तेव्हा तोंड लपवावं लागेल. त्यापेक्षा "जेवते नीट, झोपते नीट, अभ्यासाला बसते" हे आईला दोन महिन्यांत स्वतःच दिसतं.

कपड्यांवरून वाद घालू नका. ट्रॅक पँट, पंजाबी ड्रेसची सलवार, डोक्याला रुमाल, हिजाब, काहीही चालेल. बांगड्या, कानातले आणि लांब नखं तेवढी नकोत, कारण पकडीत इजा होते. आमच्याकडे पहिला टी-शर्ट मुलींनीच मागितला, पाचव्या महिन्यात. ओढणी पकडीत अडकते अशी त्यांची तक्रार होती. हाच आग्रह मी पहिल्या दिवशी धरला असता तर निम्म्या घरांची दारं बंद झाली असती.

सव्वा तासात काय करायचं?

पहिली दहा मिनिटं अंग मोकळं करणं. मग पाच मिनिटं उडी मारून दोन्ही गुडघे किंचित वाकवून उतरण्याचा सराव, रोज न चुकता. मुलींमध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापती मुलग्यांपेक्षा जास्त होतात आणि उतरण्याची सवय बदलली तर त्या कमी होतात. त्यानंतर पंचवीस मिनिटं कौशल्य, वीस मिनिटं सामना. शेवटची पंधरा मिनिटं गोलात बसून गप्पा. या गप्पांना "सत्र" म्हणू नका. मुलींना शाळेतली मूल्यशिक्षणाची तासिका आठवते.

गप्पांचा विषय त्या दिवशीच्या खेळातून निघाला पाहिजे. पकड शिकवली त्या दिवशी स्पर्शाबद्दल बोला. खेळात कोण, कुठे, किती वेळ धरतं हे नियमाने ठरलेलं आहे. बसमध्ये, चुलतभावाने, क्लासमध्ये धरलं तर नियम कोणता? असा प्रश्न टाकून गप्प बसा. पहिल्यांदा हसतील. मग कोणीतरी बोलेल. चढाई शिकवली त्या दिवशी विचारा, वस्तीत कोणत्या जागी जायला तुम्हाला अजून दम लागतो? पंचाचा निर्णय चुकला तर काय करायचं, हा तर महिनाभर पुरेल असा विषय आहे.

सगळ्यात उपयोगी पडला तो जिवंत होण्याचा नियम. कबड्डीत बाद झालेली खेळाडू स्वतःच्या कर्तबगारीवर परत येत नाही. तिच्या संघातल्या दुसरीने समोरचा गडी बाद केला की ती आत येते, ज्या क्रमाने बाहेर गेली त्या क्रमाने. आमच्या एका मुलीला घरच्यांनी थांबवलं तेव्हा दुसरी सहज म्हणाली, "ती बाद झालीय, जिवंत करायला पाहिजे." चौघी तिच्या घरी गेल्या, आईबरोबर बसून शेंगा फोडल्या, काही मागितलं नाही. तिसऱ्या फेरीनंतर मुलगी परत आली. तेव्हापासून दर शनिवारी बाद झालेल्यांची यादी वाचायची आणि कोण कोणाकडे जाणार हे ठरवायचं, अशी रीतच पडली.

पोट आणि पाळी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तुमच्या गटातही तेच चित्र असेल. तेव्हा उपाशी मुलींना पळवू नका. सरावाआधी केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की, नंतर उकडलेले चणे, जमेल तेव्हा अंडं. लोहाची आठवड्याची निळी गोळी शाळेत आणि अंगणवाडीत मोफत मिळते. ती जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही, एवढं सांगितलं तरी फरक पडतो. सतत दम लागणारी, डोळ्यांपुढे अंधारी येणारी मुलगी दिसली तर थेट आरोग्य केंद्रात न्या.

पाळीत खेळायचं की नाही हे मुलीने ठरवायचं, ताईने नाही. एका पिशवीत पॅड, जादा सलवार, कागद आणि साबण. पिशवी कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असावं, म्हणजे मागावं लागत नाही. पाय मुरगळला तर बर्फ, आराम आणि पाय उशीवर. तेल लावून चोळणाऱ्या आजीला गोड बोलून थांबवा.

मुलग्यांचं काय?

मुलग्यांना बाजूला ठेवून केलेलं काम अर्धवट राहतं, हे मला उशिरा कळलं. आधी मी त्यांना "बहिणींचं रक्षण करा" असं सांगत असे. ती मोठी चूक. रक्षक झालेला भाऊ दुसऱ्या दिवशी पहारेकरी होतो आणि बहीण कोणाशी बोलली याची खबर घरी देतो.

आता मुलग्यांना कामं देतो. मैदान झाडणं, चुना आखणं, पाणी भरणं, गुणलेखन. पाणी भरणं मुद्दाम. त्यांचा वेगळा गट आठवड्यातून दोनदा खेळतो आणि त्यांच्या गप्पांत ते घड्याळाचे दोन कागद येतात : हा तुझा काल, हा तुझ्या बहिणीचा काल. नावं काढून टाकून, नाहीतर घरी भांडण लागतं. मुंबईत शालेय क्रिकेटच्या प्रशिक्षकांना हाताशी धरून मुलग्यांशी स्त्रियांबद्दलच्या वागणुकीवर बोलण्याचं काम 'परिवर्तन'नेच आधी केलं होतं. युक्ती साधी आहे. मुलं बापाचं ऐकत नाहीत तेवढं सरांचं ऐकतात, तेव्हा सर "पोरीसारखा काय रडतोस" म्हणणं कधी थांबवतात, यावर बरंच अवलंबून असतं. एकत्र खेळायचं असेल तर खो-खो घ्या, कबड्डी वेगवेगळीच बरी.

इथे घाई नको : सुरक्षितता

हे पहिल्या सरावाच्या आधी लिहून ठेवा. एकटी मुलगी आणि एकटा मोठा माणूस कधीही बंद जागेत नसतील. प्रवासाला किमान दोन मोठी माणसं, त्यात एक स्त्री. ताई किंवा सर मुलींना रात्री खासगी मेसेज करणार नाहीत. फोटो मुलीला आणि पालकाला विचारूनच. नाव, शाळा आणि वस्ती एकाच पोस्टमध्ये कधीच नको. संघनिवड एकट्याच्या हातात नको, कारण निवडीचं आमिष दाखवूनच सगळ्यात जास्त गैरफायदा घेतला जातो.

एखादी मुलगी काही सांगेल. सांगतेच, कारण विश्वास बसतो. तेव्हा "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, तुम्हाला ते पाळता येणार नाही. १८ वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे; न कळवणं हा गुन्हा आहे. मुलीला हे शांतपणे सांगा, तिच्यासोबत राहा, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मैदानावरच्या पाटीवर लिहा. बालविवाह ठरत असल्याची कुणकुण लागली तरी हाच क्रमांक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे पंधरा जणींच्या गटात हा प्रश्न येणार असं धरूनच चाला.

सामने आणि मोजदाद

सहाव्या महिन्याच्या आत एक सामना वस्तीतच भरवा, दुपारी, सगळ्यांसमोर. प्रत्येक मुलगी निदान एका डावात खेळलीच पाहिजे. बक्षीस म्हणून डबे आणि स्टीलची ताटं देऊ नका, हळदीकुंकवाचं वाण नाही ते. बूट द्या. पाहुणा नगरसेवक असला तर त्याच्याकडून मैदानाच्या दिव्याचा शब्द माइकवर घ्या.

पुढे शालेय स्पर्धा : १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, तालुक्यापासून राज्यापर्यंत. प्रवेशिका शाळेमार्फत जाते, त्यामुळे क्रीडाशिक्षकांना आधीच भेटा आणि जन्मदाखले जूनपूर्वी काढून ठेवा. स्थलांतरित घरांत दाखला मिळवायला महिने जातात.

देणगीदार पदकं विचारतो. द्या त्याला आकडा, पण स्वतःच्या वहीत दुसरं मोजा. पंधरा वर्षांवरच्या किती मुली अजून येतात? सोडून गेलेल्यांपैकी किती परत आल्या, आणि का गेल्या होत्या? आपण नसताना मुली मैदान वापरतात का? सहा महिन्यांनी "काल काय केलंस" पुन्हा विचारा, भावालाही. आमच्याकडे मुलींच्या कामाचा वेळ फारसा कमी झाला नव्हता. भावांचा मात्र थोडा वाढला होता, बहुतेक पाणी भरण्यात. कबड्डीत बोनसचा गुण फलकावर चढतो, पण त्याने बाद गडी जिवंत होत नाही. पदकाकडे मी तसाच पाहतो.

जून लागला की

मैदानाचा चिखल होतो आणि संघ सांडू लागतो. हा काळ आधीच ठरवून ठेवा. आता समाजमंदिराचा तो हॉल मागा, आठवड्यातून दोन दिवस. तिथे दम वाढवण्याचे व्यायाम, पायांची ताकद, नियमांचा अभ्यास, मोबाइलवर महिलांच्या सामन्यांचे व्हिडिओ. मोठ्या मुलींना पंचाची तयारी करायला लावा. स्थानिक स्पर्धांत पंचांना मानधन मिळतं आणि पुरुषांचा सामना शिट्टीवर थांबवणारी मुलगी वस्तीने एकदा तरी पाहावी. बाद झालेल्यांच्या घरच्या फेऱ्या पावसातही चालू ठेवा. आणि उरलेला चुना प्लॅस्टिकच्या डब्यात घट्ट झाकण लावून ताईच्या घरी ठेवा. मागच्या वर्षी आमचं अख्खं पोतं भिजून दगड झालं होतं, दिवाळीनंतर मुलींनी मैदान राखेने आखलं.